डाव्या खांद्याची रायफल

रायफल निवडायला म्हणून मी त्यांच्याकडे गेले, आणि त्यांनी माझ्या हातात काठोकाठ भरलेला कॉफीचा पेला दिला. प्यायला नव्हे. "हात सरळ पुढं कर," म्हणाले, "आणि माझ्याशी बोलत ऱ्हा."

शेजारी उभे असलेले अप्पा, म्हणजे माझे वडील, गोंधळले. मी सांगायला लागले, की सैन्यातल्या अधिकारीपदासाठीची पाच दिवसांची निवड चाचणी मी पास झालेय, गुणवत्ता यादी लागायची आहे, नाव आलं तर तीन-चार महिन्यांनी चेन्नईच्या अकादमीत जायचंय आणि आजवर बंदुकीला हातसुद्धा लावलेला नाही. सगळ्यांच्या मागे पडायची भीती वाटते, म्हणून सरावाला स्वतःची एक छर्ऱ्याची रायफल हवीय. मी बोलत होते आणि ते माझ्या तोंडाकडे पाहतच नव्हते. पाहत होते पेल्यातल्या कॉफीकडे. मग पेला दुसऱ्या हातात घ्यायला लावला. पुन्हा पाहिलं. शेवटी पेला काढून घेतला आणि ती कॉफी स्वतः पिऊन टाकली.

"भीती खरी हाय तुझी," म्हणाले. "'मागं पडीन' म्हणालीस तवा सांडली."

शिवाजीनगरात (पुण्यातल्या नव्हे, आमच्या कानडी शहरातल्या), बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पुढच्या बाजूला शिलाई मशिनं दुरुस्तीला आलेली, आणि मागच्या भिंतीला लाकडी चौकटीत अकरा एअर रायफली. दोन्ही धंदे एकत्र कसे, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "दोन्हीत स्प्रिंगच असती." फौजेत ते आर्मरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे कारागीर. मूळचे निपाणीकडचे. त्यांची मराठी ऐकून मला सुरुवातीला हसू यायचं, आणि माझी ऐकून त्यांना. आम्ही त्याच शहरातल्या चामराजपेटचे. आमच्या घरच्या मराठीत निम्मं कानडी असतं, आणि पुण्याहून आलेल्या लोकांना ती ऐकवताना आम्ही अजूनही जरा बिचकतो. सगळं शिवाजीनगर त्यांना 'अण्णा' म्हणायचं. ते मला पहिल्या दिवसापासून 'अक्का' म्हणाले. मी बावीस वर्षांची, ते सत्तरीच्या पुढचे. अप्पांनी न राहवून विचारलं, तेव्हा म्हणाले, "हत्यार मागायला आलेलं माणूस ल्हान नसतंय."

त्या दिवशी मी फोनवर एक रायफल शोधून ठेवली होती. काळीभोर, वर दुर्बीण, गाल टेकायला एका बाजूला छान उंचवटा. मी फोन पुढे केला. त्यांनी पाहिला नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, "दोन्ही डोळं उघडं ठेवून अंगठ्यानं त्ये घड्याळ झाक. झाकलंस? आता डावा डोळा मीट."

डावा डोळा मिटल्याबरोबर अंगठा घड्याळावरून सरकून थेट कॅलेंडरवर गेला. उजवा मिटला, तर अंगठा जागच्या जागी.

"उजव्या हातानं जेवतीस आणि डाव्या डोळ्यानं बघतीस," ते म्हणाले. "आलीस तवा शटरच्या फटीतनं आत डोकावलीस न्हवं, तवाच कळलं. डावा डोळा लावलास फटीला."

बावीस वर्षं मी याच डोळ्यांनी जग पाहत होते. शाळेत डोळे तपासून झाले होते, निवड चाचणीत वैद्यकीय तपासणी झाली होती. दोन डोळ्यांतला एक मालक असतो आणि माझा मालक डावा आहे, हे मला सांगणारा पहिला माणूस हा शिलाई मशिनं दुरुस्त करणारा म्हातारा. रिक्षा चामराजपेटला पोचल्यावर अप्पा म्हणाले, "या माणसाचा हात सोडू नकोस."

पण हात धरायला ते सहज तयार नव्हते. "दोन वाटा हैत," म्हणाले. "डोळा बदलायचा, न्हाईतर खांदा बदलायचा. डोळा हट्टी असतो, खांदा गरीब. खांदा शिकंल." म्हणजे रायफल डाव्या खांद्याला लावायची. अकादमीत मिळणारी रायफल झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी उजवीकडे फेकते. डाव्या खांद्यावरून झाडली, तर ती पुंगळी डोळ्यांसमोरून जाणार. तेवढं सोसायचं. आणि माझी ती काळीभोर रायफल? तिचा गालाचा उंचवटा उजव्या खांद्यासाठी होता. माझ्या काहीच कामाची नव्हती.

त्यानंतर तीन आठवडे मी रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर शिवाजीनगरला जात होते, आणि त्यांनी मला एकाही रायफलीला हात लावू दिला नाही. दुकानामागे पूर्वी सुतळीचं गोदाम असलेली एक लांबट पत्र्याची शेड होती. तिथे उभं राहायचं, श्वास घ्यायचा, निम्मा सोडायचा, थांबायचं. हातात पेला. रोज पेल्यात जरा जास्त कॉफी. सांडली तर पुसायची, न सांडली तर प्यायची. पहिल्या आठवड्यात मी फरशीच पुसत होते. तिसऱ्या आठवड्यात एकदा, थेंबही न सांडता, पेला तोंडाला लावला तेव्हा कॉफी पार निवलेली होती. इतका आनंद मला निवड चाचणीचा निकाल ऐकूनही झाला नव्हता.

अण्णांची एक खोड साऱ्या गल्लीला माहीत होती. ते कुठल्याही नळीच्या समोरून जात नसत. बंदुकीच्या तर नाहीच, पण प्लंबरच्या खांद्यावरच्या पाइपच्याही नाही. फुटपाथवर कुणी बंद छत्री आडवी धरून उभा असला, तर अण्णा रस्त्यावर उतरून, बसवाल्यांच्या शिव्या खात, वळसा घालून पुढे जायचे. एकदा माझी मावसबहीण मला घ्यायला दुकानात आली. तिने फोटोसाठी फोन लावायची काठी बाहेर काढून लांब केली मात्र, अण्णा टेबल ओलांडून तिच्या मागे जाऊन उभे! फोटोत मी, माझी बहीण आणि तिच्या डोक्यामागे त्यांचे दोन गंभीर डोळे. गल्लीतले लोक हसायचे. मीही हसले होते. ते स्वतः कधी हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत.

दुसरं म्हणजे कुणी काही सांगितलं तर ते मान हलवायचे आणि जाऊन स्वतः पाहायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "अण्णा, रिकामी आहे." ते म्हणायचे, "सरी," म्हणजे कानडीत 'बरं', आणि नळी मोडून, म्हणजे मुळाशी खाली दुमडून, आत बघायचे. मग ती गिऱ्हाइकापुढे धरायचे आणि त्यालाही बघायला लावायचे. "तोंडानं बंदूक रिकामी हुईत न्हाई," हे वाक्य मी त्या दुकानात किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही.

त्याच दिवसांत एकदा शनिवारी सकाळी बेळ्ळंदूरहून एक गृहस्थ आले. मोठ्या कंपनीतले असावेत, बोलणं हिंदी-इंग्रजीत. त्यांच्या पंधराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत कबुतरं फार घाण करतात, म्हणून त्यांना एक जोरदार रायफल हवी होती. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग आपल्या फौजी हिंदीत विचारलं, "सर, कबुतर चुकलं तर छर्रा कुठं जाईल?"

"खाली कुठेतरी."

"खाली कोण राहतं?"

गृहस्थ हसले. "अहो, खाली रस्ता आहे. सोसायटीची बाग आहे."

"बागेत कोण असतं?"

गृहस्थांनी फोन काढून वेळ पाहिली. अण्णा उठले, त्यांची बॅग आदराने त्यांच्या हातात दिली, त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि सकाळी अकरा वाजता शटर खाली ओढलं. मी आत, ते आत, बाहेर गृहस्थ आवाज चढवून बोलताहेत. अण्णा शटरला पाठ लावून उभे. गाडी सुरू होऊन गल्लीबाहेर गेल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी शटर वर केलं आणि अर्धवट राहिलेल्या शिलाई मशिनाला तेल घालायला बसले. त्या महिन्यात त्यांची एकही रायफल विकली गेली नव्हती, हे मला माहीत होतं.

चौथ्या आठवड्यात त्यांनी रायफली काढल्या. निवड कशी करायची, तर डोळे मिटून. रायफल उचलायची, डोळे मिटायचे, डाव्या खांद्याला लावायची, गाल टेकायचा, आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावर जो बारीकसा उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. "डोळं उघडल्यावर माशी जाग्यावर दिसली, तर ती तुझी. शोधाय लागली, तर दुसऱ्याची," एवढाच त्यांचा नियम. पहिलीची माशी डावीकडे. दुसरीची दिसलीच नाही. तिसरी इतकी जड, की डोळे उघडेपर्यंत नळी खाली आलेली. अशा नऊ झाल्या. मी घामाघूम.

दहावीला डोळे उघडले आणि समोर माशी. मागच्या खाचेत अशी नेमकी बसलेली, की कुणीतरी आत्ताच आणून ठेवावी. मी हललेच नाही. मागून अण्णांचा आवाज आला, "दिसली का?" गाल न उचलता मी 'हूं' म्हटलं.

मग मी रायफल खाली घेऊन नीट पाहिली, आणि खरं सांगायचं तर मन खट्टू झालं. चौकटीतली सगळ्यांत कुरूप तीच होती. लाकडी दस्ता मधोमध फुटलेला, त्याला सागाचा तुकडा जोडलेला. जोरही सगळ्यांत कमी. मी ते बोलून दाखवलं.

"कमी जोराची हाय, म्हणून तर खोटं बोलत न्हाई," ते म्हणाले. "जोराच्या बंदुकीतनं छर्रा झटक्यात जातो. तुझी चूक झाकली जाती. हिच्यात छर्रा नळीतनं सावकाश जातो. चाप ओढल्यावर तेवढा वेळ तू हललीस, की कागद सांगतो. ही तुला शिकवंल. बाकीच्या तुझी स्तुती करतील."

मला ते पटायला आठवडा लागला. चाप ओढल्या ओढल्या निशाण लागलं का ते पाहायला मी मान वर करायचे, आणि दर वेळी कागदावरचं भोक वर सरकलेलं असायचं. ती रायफल मला एकदाही सोडत नव्हती. मग हळूहळू मान खाली राहायला लागली आणि भोकं एकमेकांजवळ यायला लागली.

आणि मग ती संध्याकाळ आली. मी शेडमध्ये उभी, रायफलीत छर्रा भरलेला, आणि खिशातला फोन वाजला. एरवी मी फोन बाहेर ठेवायचे, त्या दिवशी विसरले. मैत्रीण ओरडत होती, "यादी लागली! तुझं नाव आहे!" एका हातात फोन, दुसऱ्या हातात रायफल, आणि मी आनंदाने गर्रकन मागे वळले, अण्णांना सांगायला.

अण्णा उभे नव्हतेच. ते फरशीवर पालथे पडले होते. सत्तरीच्या पुढचा माणूस, निमिषात. रायफलीचं तोंड ते उभे होते तिथल्या रिकाम्या जागेकडे होतं.

ते उठले. माझ्या हातातून रायफल घेतली, नळी मोडली, काडीने छर्रा बाहेर ढकलला आणि खिशात टाकला. "आज पुरे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गेले, तर ते मशिनावर वाकलेले. वर पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी अप्पा माझ्याबरोबर आले. पंचवीस वर्षं बँकेत मान ताठ ठेवून काम केलेला माझा बाप त्या दुकानात हात जोडून उभा राहिला. "अण्णा, पोरीची चूक झाली. स्वल्प समजून घ्या."

"तुमच्या पोरीवर राग न्हाई माझा," अण्णा म्हणाले. "मला माझीच भीती वाटालीय. मी शिकवलं, आणि तरी असं झालं." मग मशिनाकडे बघतच सांगायला लागले. "फौजेत वर्कशॉपला होतो. पहाऱ्यावरनं एक रायफल दुरुस्तीला आली. मी नळीत बघितलं न्हाई. चाप ओढला. समोरच्या बाकावर माझा दोस्त बसला होता, माझ्याच गावाकडचा. त्येचा उजवा हात कोपरापासनं गेला. चौकशी झाली. मी म्हटलं, माझीच चूक. माझी बाहीवरची पट्टी गेली, बढती गेली. ती जाऊ दे. हात गेला त्येचा."

मी उठले, चौकटीतून ती कुरूप रायफल काढली, तोंड जमिनीकडे ठेवून नळी मोडली आणि आत पाहिलं. मग ती त्यांच्यासमोर धरली. त्यांनी बराच वेळ आत पाहिलं. "सरी," म्हणाले. "शेडमध्ये चल."

अकादमीत पहिल्यांदा खरी रायफल हाती आली त्या दिवशी मी डाव्या खांद्याला लावली, तेव्हा उस्ताद, म्हणजे आमचे शिकवणारे, वैतागून म्हणाले, "एक लेफ्टी भी आ गई!" रिकाम्या पुंगळ्या खरंच डोळ्यांसमोरून जात होत्या. पाच गोळ्या झाडून झाल्यावर उस्तादांनी कागदावर स्वतःचा तळहात ठेवला. पाचही भोकं तळव्याखाली झाकली गेली. त्यांनी हात उचलला, पुन्हा ठेवला. "किसने सिखाया?" मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की मला अण्णांचं नाव माहीत नाही. चार महिने रोज गेले, पण कधी विचारलं नव्हतं.

खांद्यावर अधिकाऱ्याचे तारे लागल्यावर पहिल्याच सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले. पाच भोकांची गोष्ट सांगितली, तर त्यांनी नुसतं 'हूं' केलं. पण अकादमीतल्या मुली मला 'तपासनीस' म्हणायच्या, हे सांगितल्यावर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. कुणी "खाली है" म्हणून रायफल दिली तरी मी आत बघायचे, प्रत्येक वेळी ती रिकामीच निघायची आणि प्रत्येक वेळी मुली हसायच्या.

"परवा गावाकडं चाललोय," ते म्हणाले. "वर्षातनं एकदा जातो, दोस्ताकडं. येतीस?"

निपाणीजवळच्या त्या गावात आम्ही सकाळी पोचलो. दोस्त ओसरीवर बसले होते, उजवी बाही गुंडाळून पिनेने खोचलेली. त्यांनी अण्णांना नावाने हाक मारली. ते नाव मी इथे लिहीत नाही, त्या घराबाहेर ते मी कुणाच्या तोंडी ऐकलेलं नाही. दोस्ताच्या बायकोने एक तांब्या पाणी आणून अण्णांपुढे ठेवलं. ठेवलं म्हणजे कसं, तर नवऱ्याच्या रिकाम्या बाहीकडे बघत, हात लागणार नाही इतक्या लांबून. माझ्यासाठी मात्र चहा आणला. अण्णा पाणी प्यायले आणि खाली बघत बसले.

दोस्तांनी माझी चौकशी केली. अण्णांनी त्यांना माझ्या टोपणनावाची गोष्ट सांगितली. दोस्त माझ्याकडे वळले. "समद्या हसतात, आणि तरी बघतीस? लाज वाटत न्हाई?"

"नाही," मी म्हटलं.

ते बराच वेळ आपल्या गुंडाळलेल्या बाहीकडे पाहत राहिले. मग दाराकडे तोंड करून बायकोला मोठ्यांदा हाक मारली. "भाईर ये. ऐक."

"गप बस," अण्णा एकदम म्हणाले.

"न्हाई. चाळीस वर्सं गप बसलो." बायको दारात येऊन उभी राहिली होती. "त्यो रायफल हातात घेऊन बसला हुता. मला म्हणाला, बघतो आत. मीच म्हणालो, 'बघतोस काय, मी बघितलीया, रिकामी हाय.' मी बघितली न्हवती. मला जेवाय जायाची घाई हुती. चौकशीत ह्येनं माझं नाव घेतलं न्हाई. घेतलं असतं, तर माझी पेन्शन गेली असती. पोरं कशी वाढली असती?"

अण्णांची मान खालीच होती. गुन्हा उघडा पडलेल्या माणसासारखे ते बसले होते, आणि गुन्हा तर त्यांचा अर्धासुद्धा नव्हता. माझ्या खांद्यावर तारे होते, पण त्या क्षणी मला त्या माणसापुढे उभं राहायचीसुद्धा लाज वाटली. आवाज न करता कुणी इतकं मोठं असू शकतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

दारातली बाई आत गेली. आत भांड्यांचा आवाज झाला. ती परत आली, तेव्हा तिच्या हातात ताट होतं. दोन भाकऱ्या, झुणका, कांदा. ते तिने अण्णांपुढे ठेवलं आणि तिथेच, त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"जेवा, भावजी," ती म्हणाली.

अण्णांनी भाकरीला हात घातला. तुकडा मोडायला त्यांना फार वेळ लागला.